फॅमिली डॉक्टर स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कशी तपासतात

घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या विसरण्याची पहिली वैद्यकीय चौकशी पुण्यात सहसा मेंदूविकारतज्ज्ञांकडे होत नाही. ती होते सदाशिव पेठेतल्या, कोथरूडमधल्या किंवा हडपसरमधल्या नेहमीच्या दवाखान्यात, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडल्यावर, निघता निघता. "डॉक्टर, आजकाल आई तेच तेच पुन्हा विचारते. वयामुळे असेल ना?" असे मुलगी किंवा सून विचारते, आणि बाहेर पुढचे रुग्ण खोळंबलेले असतात. "वय झालं की होतंच," असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे असते आणि अनेकदा तो तसा मिटवलाही जातो. प्रत्यक्षात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक ठरलेली पद्धत आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत आणि तिचा मोठा भाग फॅमिली डॉक्टरांच्या टेबलाशी बसूनच पार पडू शकतो. ती पद्धत घरच्यांना ठाऊक असेल, तर डॉक्टरांना हवी ती माहिती देता येते आणि अर्धवट तपासणीवर समाधान मानण्याची वेळ येत नाही.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया आहे. डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, हे एका आजाराचे नाव नाही. स्मरण, भाषा, निर्णय, दिशांचे भान यांपैकी एकाहून अधिक क्षमता पूर्वीपेक्षा इतक्या घसरणे की रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर जमेनासे व्हावेत, या अवस्थेला ते नाव आहे, आणि अल्झायमरचा आजार हे तिचे सर्वांत मोठे कारण आहे. या व्याख्येतला "पूर्वीपेक्षा" हा शब्द तपासणीचा पाया आहे. डॉक्टरांना रुग्णाची तुलना शेजारच्या तल्लख आजोबांशी करायची नसते. रुग्ण स्वतः पाच-दहा वर्षांपूर्वी जसा होता, त्याच्याशी करायची असते. वीस वर्षे त्या घराला ओळखणाऱ्या फॅमिली डॉक्टरांकडे ही तुलना करण्याचे जे साधन असते, ते मोठ्या रुग्णालयातील पहिल्या भेटीत कोणत्याही तज्ज्ञाकडे नसते, असे माझे ठाम मत आहे.

कोणते विसरणे वेगळे

वय वाढले की मेंदूचा वेग कमी होतो. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि तासाभराने आपोआप आठवते. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. एकाच वेळी दोन कामे करताना गोंधळ होतो. यात काळजीचे काही नसते. काळजी करायची ती वेगळ्या प्रकारच्या विसरण्याची. सकाळी भावाचा फोन येऊन गेला, हे दुपारी आठवत नाही आणि "तुम्ही बोललात की त्याच्याशी" अशी आठवण करून दिल्यावरही ती घटना मनात उमटत नाही. एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारला जातो आणि आपण तो आधी विचारला होता याची जाणीव नसते. आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीची कृती मधेच हरवते.

या टप्प्यावर घरच्यांची एक समजूत फार वेळ वाया घालवते. "त्यांना जुनं सगळं लख्ख आठवतं, मग स्मरणशक्ती गेली असं कसं म्हणायचं?" असे ते विचारतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा पाणी कुठपर्यंत चढले होते, कोणाच्या माडीवर आसरा घेतला, हे ऐंशी वर्षांचे आजोबा बारीकसारीक तपशिलांसह सांगू शकतात आणि तरीही सकाळी काय खाल्ले हे त्यांना सांगता येत नाही. यात विसंगती नाही. नव्या आठवणी नोंदवण्याचे काम मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो आणि अल्झायमरच्या आजारात तो फार लवकर बाधित होतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पक्क्या झालेल्या आठवणी मेंदूच्या इतर भागांत विखुरलेल्या असतात, त्यामुळे त्या बराच काळ टिकतात. म्हणून पुराची हकीकत ऐकून डॉक्टर निश्चिंत होत नाहीत. कालच्या आणि आजच्या गोष्टी विचारतात.

घरच्यांशी बोलणे हा तपासणीचाच भाग

चांगले डॉक्टर प्रश्नपत्रिका काढण्याआधी दोन संभाषणे करतात: एक रुग्णाशी आणि दुसरे, शक्य असेल तर वेगळे, त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाशी. वेगळे अशासाठी की वडिलांसमोर मुलगा संकोचतो, आणि बायकोने केलेल्या तक्रारी ऐकून आजोबा दुखावले गेले की पुढची तपासणी नीट होत नाही. डिमेन्शिया झालेल्या अनेकांना स्वतःतला बदल जाणवत नाही. "मला काही झालेलं नाही, हेच लोक उगीच मागे लागलेत," असे ते मनापासून म्हणत असतात. उलट, जो माणूस स्वतःहून एकटा येतो आणि आपण काय काय विसरलो याची तारीखवार यादी देतो, त्याच्या बाबतीत चिंता, नैराश्य किंवा अपुरी झोप यांचा विचार आधी करावा लागतो. हा नियम पक्का नाही, पण दिशादर्शक आहे.

घरच्यांना विचारायच्या प्रश्नांच्याही शास्त्रशुद्ध प्रश्नावल्या आहेत. "एडी-८" नावाच्या प्रश्नावलीत आठ प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे का, एवढ्याच निकषावर द्यायचे असते. दोन किंवा अधिक ठिकाणी "हो" आले, तर पुढे तपासावे असा संकेत मिळतो. "आयक्यूकोड" ही दुसरी प्रश्नावली दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीशी तुलना करायला लावते. रुग्णाचे शिक्षण किती हा प्रश्न या दोन्हींच्या आड फारसा येत नाही, कारण मोजमाप त्याच माणसाच्या जुन्या कुवतीशी होते, आणि आपल्याकडे हा मोठाच फायदा आहे.

रोजच्या व्यवहारांचे प्रश्न विचारताना मात्र माणूस कोणते व्यवहार करत आला आहे, हे पाहावेच लागते. ज्या आजोबांनी कधी चहासुद्धा केला नाही, त्यांना स्वयंपाकाबद्दल विचारून उपयोग नाही. त्यांना बँकेची कामे, वीजबिल, मुदतठेवींच्या तारखा, सोसायटीच्या बैठकीतले हिशेब यांबद्दल विचारायला हवे. आजींना सणावाराच्या तयारीबद्दल, वाणसामानाच्या अंदाजाबद्दल, भाजीवाल्याला पाचशेची नोट दिल्यावर किती परत यायला हवेत याबद्दल विचारता येते. गोळ्या कोण काढून देते, अलीकडे कोणाला ओटीपी सांगून पैसे गेले का, गॅस चालू राहिला का, दुचाकी चालवताना घरच्यांना भीती वाटू लागली आहे का, हे प्रश्न पुण्यातल्या कोणत्याही घराला लागू पडतात. रस्ता चुकण्याबद्दल विचारताना थोडे तारतम्य हवे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडल्यावर तिथली रस्त्यांची रचनाच बदलली आणि तिथे तरुण चालकसुद्धा चुकतात. त्यामुळे तिथे चुकणे हे लक्षण मानता येत नाही. चाळीस वर्षे ज्या मंडईत पायी जाऊन भाजी आणली, तिथून घरी येताना वळण न सापडणे ही निराळी गोष्ट आहे.

एकत्र कुटुंबात बिघाड उशिरा लक्षात येतो, याचीही डॉक्टरांना जाणीव असावी लागते. सासूबाईंच्या हातून एकेक काम सूनबाई प्रेमाने काढून घेतात, "आता तुम्ही आराम करा" म्हणतात, आणि मग त्यांना काय जमत नाही हे कळायला जागाच उरत नाही. दोघेच राहणाऱ्या जोडप्यांत एक जण दुसऱ्याची उणीव भरून काढतो; आजी रुग्णालयात दाखल झाल्या की चार दिवसांत आजोबांचा खरा गोंधळ उघडा पडतो. परदेशातल्या मुलाला आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर सगळे ठीक दिसते, कारण "कसा आहेस, जेवलास का, तिकडे थंडी आहे का" हे ठरलेले बोलणे डिमेन्शियातही बराच काळ शाबूत राहते. अशा वेळी रोज घरी येणाऱ्या कामाच्या मावशींचे निरीक्षण अधिक खरे असू शकते, आणि त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

या संभाषणातून डॉक्टर सर्वांत आधी काळाचा हिशेब मांडतात. बदल वर्षा-दोन वर्षांत हळूहळू झाला, की पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने, की गेल्या दोन-चार दिवसांत? दोन-चार दिवसांत झालेला गोंधळ, विशेषतः दिवसभरात कमीजास्त होणारा, लक्ष अजिबात टिकू न देणारा आणि संध्याकाळी वाढणारा, हा डिलिरियम असतो. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, नवे औषध अशी कारणे असतात. तिथे स्मरणशक्तीची प्रश्नावली घेत बसायचे नसते. त्याच दिवशी कारण शोधून उपचार करायचे असतात.

कान, डोळे, मन आणि औषधांची पिशवी

ज्याला शब्द ऐकूच आला नाही, त्याला तो आठवणार कसा? तरीही श्रवणदोषाकडे दुर्लक्ष करून घेतलेल्या चाचण्या पुष्कळ असतात. तपासणीपूर्वी कानातला मळ पाहणे, श्रवणयंत्र असेल तर ते लावायला सांगणे, वाचनाचा चष्मा सोबत आहे ना हे विचारणे, ही दोन मिनिटांची कामे चुकीचा निष्कर्ष टाळतात.

मनःस्थितीची चौकशीही आधीच व्हायला हवी. जोडीदार गेल्यानंतर, निवृत्तीनंतर किंवा दीर्घ आजारपणात आलेले नैराश्य ज्येष्ठांमध्ये रडण्यातून दिसेलच असे नाही. कशात रस न वाटणे, हालचाल आणि विचार मंदावणे, लक्ष न लागणे अशा रूपात ते येते आणि विसराळूपणासारखे दिसते. अनुभवी डॉक्टरांना उत्तरे देण्याच्या ढंगातूनही काही कळते: नैराश्यातील व्यक्ती प्रयत्न न करताच "नाही सांगता येत" म्हणून थांबते, तर डिमेन्शियातील व्यक्ती बहुधा उत्तर देण्याचा प्रयत्न करते, चुकते, किंवा "आता पेपर वाचायचं सोडलंय, तारीख कशाला लागते" असे म्हणून प्रश्न परतवते. मात्र उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य ही कधीकधी डिमेन्शियाचीच सुरुवात असते, म्हणून नैराश्य सापडले की शोध संपला असे डॉक्टर मानत नाहीत.

औषधांची पिशवी मी मुद्दाम वेगळी काढते आहे, कारण तिच्यात दडलेले कारण दूर करणे सर्वांत सोपे असते. झोपेसाठी वर्षानुवर्षे चालू असलेल्या अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या गोळ्या, सर्दीसाठी घेतलेले झोप आणणारे औषध, मज्जातंतूंच्या वेदनांसाठीचे अमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेले ऑक्सिब्युटिनिन, यांपैकी प्रत्येक औषध वृद्ध मेंदूचा वेग आणि स्मरण मंदावू शकते. वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकेक लिहून दिलेले असते आणि सगळी एकत्र पाहणारे फक्त फॅमिली डॉक्टरच असतात. त्यासाठी चिठ्ठ्यांची फाइल पुरत नाही. घरात प्रत्यक्ष घेतल्या जाणाऱ्या सगळ्या गोळ्या, दुकानातून स्वतःहून आणलेल्या आणि काढे-चूर्णांसह, पिशवीत घालून न्याव्यात. झोपेची जुनी गोळी मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

प्रत्यक्ष चाचणी: प्रश्नांमागचे प्रश्न

चाचण्या अनेक आहेत. दवाखान्यात वेळ कमी असतो, म्हणून "मिनी-कॉग" ही तीन-एक मिनिटांची चाचणी सोयीची पडते: तीन शब्द सांगायचे, मध्ये घड्याळ काढून घ्यायचे आणि मग तेच तीन शब्द विचारायचे. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक आणि बरोबर घड्याळाला दोन, असे पाच गुण असतात. तीनपेक्षा कमी मिळाले तर पुढची तपासणी करावी. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली "एमएमएसई" ही तीस गुणांची चाचणी जगभर सर्वाधिक परिचित आहे आणि तिच्यात साधारणपणे चोविसाच्या खालचे गुण शंकास्पद मानतात. सुशिक्षित माणसातला सुरुवातीचा बिघाड तिच्यातून निसटतो, म्हणून २००५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे विकसित झालेली "मोका" ही अधिक कठीण चाचणी वापरतात. तीही तीस गुणांची असून सव्वीस किंवा अधिक गुण सामान्य समजले जातात आणि बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून दिला जातो.

नावे आणि आकडे यांपेक्षा प्रत्येक प्रश्न मेंदूचे कोणते काम तपासतो, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

"आज वार कोणता, महिना कोणता, आपण आत्ता कुठे आहोत?" हा प्रश्न काळ आणि स्थळ यांचे भान पाहतो. ज्या आजी इंग्रजी तारीख कधीच पाहत नाहीत, पण "आज संकष्टी, चंद्रोदय उशिरा आहे" असे बरोबर सांगतात, त्यांचे काळाचे भान शाबूत आहे हे समजण्याइतकी लवचीकता डॉक्टरांकडे हवी. एखाद-दुसऱ्या दिवसाने तारीख चुकणे निवृत्त माणसात सामान्य आहे. वर्ष किंवा ऋतू चुकणे सामान्य नाही.

शंभरातून सात वजा करत जाणे, किंवा महिने उलट्या क्रमाने म्हणणे, ही लक्ष टिकवण्याची परीक्षा आहे. महिने सरळ म्हणणे पाठांतराने जमते; उलटे म्हणताना मात्र कुठपर्यंत आलो हे मनात धरून ठेवावे लागते. ज्यांना जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा चैत्र-वैशाख जवळचे आहेत, त्यांनी फाल्गुन, माघ, पौष असे मागे जायला हरकत नाही. याहून सोपे हवे असेल तर वार उलटे म्हणायला सांगतात. लक्षच टिकत नसेल, तर पुढच्या स्मरणाच्या चाचणीतील अपयशाचा अर्थ वेगळा लावावा लागतो, म्हणून ही पायरी महत्त्वाची.

मग शब्द. समजा, डॉक्टरांनी आंबा, घर, छत्री असे काही शब्द सांगितले, रुग्णाकडून लगेच म्हणवून घेतले आणि मध्ये दुसरे काम देऊन पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. लगेच म्हणता येणे म्हणजे शब्द ऐकू आले आणि कळले. पाच मिनिटांनी आठवले नाहीत, तर डॉक्टर सूचक शब्द देतात: "एक फळ होते." एवढ्याने "हो, आंबा!" असे आठवले, तर नोंद झालेली आहे, ती बाहेर काढण्यात अडचण आहे, असे नैराश्यात किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात दिसते. सूचना देऊनही, किंवा तीन पर्याय पुढे ठेवूनही शब्द ओळखता आला नाही, तर नोंदच झालेली नाही, आणि तेव्हा अल्झायमरच्या आजाराची शंका बळावते. चाचणीचा माझ्या मते सर्वांत बोलका भाग हाच आहे, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

घड्याळ काढायला सांगणे अनेकांना पोरकट वाटते. प्रत्यक्षात वर्तुळात बारा आकडे सारख्या अंतरावर बसवण्यासाठी आधी आखणी करावी लागते, जागेचे भान लागते, आणि दिलेली सूचना शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते. वेळ बहुधा अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात, आणि त्यामागे विचार आहे. "दहा" हा शब्द कानावर पडताच मन दहाच्या आकड्याकडे धावते. तो मोह आवरून मिनिटकाटा दोनच्या आकड्यावर न्यावा लागतो. मेंदूच्या पुढच्या भागाचे नियंत्रण सैल झालेली व्यक्ती काटे दहा आणि अकरावर ठेवते. काहींचे सगळे आकडे वर्तुळाच्या एकाच बाजूला गोळा होतात. हा कागद डॉक्टरांनी फाइलला लावून ठेवावा, कारण वर्षभरानंतरच्या कागदाशी त्याची तुलना फार काही सांगते.

एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगा, या प्रश्नात भाषा आणि विचारांची शिस्त दोन्ही दिसतात. निरोगी माणूस गाय, म्हैस, शेळी असे गोठ्यातले प्राणी संपले की वाघ-सिंहांकडे आणि तिथून पक्ष्यांकडे वळतो. बिघाड असलेला माणूस चार-पाच नावांनंतर थबकतो किंवा तीच नावे पुन्हा घेतो.

शिक्षणाचा आणि भाषेचा प्रश्न

शाळेची पायरी न चढलेल्या आजींच्या हातात पेन्सिल देऊन घन काढायला सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्या गुणांवरून त्यांना डिमेन्शिया ठरवणे ही वैद्यकीय चूक आहे. ही अडचण भारतातल्या संशोधकांना तीस वर्षांपूर्वीच जाणवली होती. हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी एमएमएसईचे हिंदी रूप तयार केले गेले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेखन-वाचनावर अवलंबून असलेले प्रश्न बदलले गेले. ऑस्ट्रेलियात निरनिराळ्या भाषिक समूहांसाठी तयार झालेली "रुडास" ही चाचणी वाणसामानाची यादी लक्षात ठेवायला लावते आणि सिग्नल नसलेला रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल असे विचारते. हा प्रश्न पुण्यातल्या ज्येष्ठांना समजावून सांगावा लागत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. निवृत्त प्राध्यापक, वकील, बँक अधिकारी, रोज शब्दकोडे सोडवणारे वाचक, यांची मूळ कुवतच इतकी जास्त असते की बरीच घसरण झाल्यावरही ते तीसपैकी सत्तावीस गुण मिळवतात. चांगले गुण मिळाले एवढ्यावरून डिमेन्शिया नाही असे ठरवू नये, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१८ पासून स्पष्टपणे सांगतात. साठीच्या आतबाहेर स्वभावच पालटणे, आयुष्यभर मर्यादशील असलेल्या माणसाने चारचौघांत काहीही बोलणे, पैसे उधळणे, अशी सुरुवात असलेल्या एका प्रकारात तर स्मरणाची चाचणी प्रथम अगदी चांगली येते.

भाषेबद्दल नियम साधा आहे: माणूस ज्या भाषेत घरी बोलतो आणि विचार करतो, त्या भाषेत चाचणी व्हावी. पुण्यात राहणाऱ्या कन्नड, तेलुगू, सिंधी, मारवाडी घरांतल्या ज्येष्ठांना मराठीतून चाचणी दिली तर आकडा खाली येतो, बुद्धी नव्हे. चाचणीच्या वेळी नातेवाइकांनी मध्ये उत्तर सुचवू नये, "अहो, काल तर सांगितलं होतं" असे म्हणू नये, आणि परीक्षेची तयारी म्हणून प्रश्न घरी घोकून घेऊ नयेत. त्यामुळे आजार लपतो, बरा होत नाही.

रक्त, चाल आणि स्कॅन

शारीरिक तपासणीत डॉक्टर रक्तदाब, नाडी, हातपायांची ताकद आणि चाल पाहतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणे आणि मंदावलेली बुद्धी हे तिन्ही एकत्र दिसले, तर मेंदूतील पोकळ्यांत पाणी साचल्याची शक्यता असते आणि तिच्यावर शस्त्रक्रियेचा उपचार आहे. काही आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला मार लागला होता का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारायलाच हवे, कारण कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त हुबेहूब डिमेन्शियासारखी लक्षणे देते आणि ते काढता येते.

रक्ताच्या चाचण्यांत हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृताचे कार्य, कॅल्शियम, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांचा समावेश असतो. पुण्याच्या वाचकांनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व नैसर्गिक रूपात प्राणिज पदार्थांतूनच मिळते, त्यामुळे शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता सहज होते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ती वाढते. कमतरता भरून काढणे स्वस्त आणि सोपे आहे, म्हणून ती शोधलीच पाहिजे. मात्र बी-१२ कमी निघाले म्हणजे विसरण्याचे कारण सापडले, असे धरून चालता येत नाही. जे आपल्याकडे इतक्या जणांत कमी असते, ते अल्झायमरच्या रुग्णातही कमी असणारच. इंजेक्शने द्यावीत आणि काही महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी.

मेंदूचा सीटी किंवा एमआरआय गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताच्या खुणा आणि मेंदूचा आकसलेला भाग दाखवतो. वयस्क मेंदू थोडा आकसलेला दिसतोच. स्कॅनच्या अहवालातील "वयानुरूप बदल" हे शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही आणि निश्चिंत होण्याचेही नाही.

निष्कर्ष आणि पुढची वाट

सगळी माहिती एकत्र ठेवल्यावर डॉक्टर तीनपैकी एका बाजूला झुकतात. वयानुरूप बदल, किंवा चाचणीत घसरण आहे पण रोजचे व्यवहार स्वतः जमतात अशी मधली अवस्था, किंवा डिमेन्शिया. मधल्या अवस्थेला सौम्य बौद्धिक घट म्हणतात. ती प्रत्येकात पुढे वाढत नाही; काहींची तशीच राहते आणि काही जण, विशेषतः औषध, नैराश्य किंवा झोपेचा त्रास हे कारण असेल तर, पूर्ववत होतात.

तज्ज्ञांकडे कधी पाठवायचे, याबाबत रेंगाळू नये असे काही प्रसंग आहेत: वय पासष्टच्या आत असणे, काही महिन्यांतच झपाट्याने घसरण होणे, फिट येणे, चालण्यात किंवा बोलण्यात नवा दोष दिसणे, घरात माणसे किंवा प्राणी असल्याचे स्पष्ट भास होणे. अशा भासांसाठी शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी देऊ नये. डिमेन्शियाच्या एका प्रकारात ती औषधे शरीर ताठर करून जिवावर बेतू शकतात.

मग साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची दरवर्षी चाचणी घ्यावी का? अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये या प्रश्नावर असे मत दिले की लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांच्या सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरोधात पुरेसा पुरावा नाही. माझ्या दृष्टीने आपल्याकडचा तातडीचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्यांच्यात लक्षणे दिसत आहेत आणि घरचे ती बोलून दाखवत आहेत, त्यांची तपासणी तरी होते का? पुण्यातल्या गजबजलेल्या दवाखान्यात ती एका भेटीत होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. पहिल्या भेटीत हकीकत, औषधे आणि रक्ताच्या चाचण्या, आणि आठवड्याभराने, सकाळच्या शांत वेळी, नाश्ता झाल्यावर आणि चष्मा-श्रवणयंत्रासह प्रत्यक्ष चाचणी, अशी विभागणी सहज जमते. त्यासाठी घरच्यांनी आपणहून वेगळी वेळ मागावी. रुग्णालाही फसवून नेऊ नये. "तुमची स्मरणशक्ती कशी चालली आहे ते डॉक्टर पाहणार आहेत, काही प्रश्न सोपे असतील, काही अवघड," असे सरळ सांगितले की बहुतेक ज्येष्ठ सहकार्य करतात. निष्कर्षही आधी त्यांनाच सांगितला जावा, कारण मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन, पुढे आपली काळजी कोणी घ्यावी, यांबाबत स्वतःचे मत नोंदवण्याची क्षमता त्या टप्प्यावर बहुधा त्यांच्यात शिल्लक असते.

निदान कोणतेही निघाले तरी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, श्रवणदोष, दृष्टिदोष, धूम्रपान आणि एकटेपणा यांवर काम सुरू करता येते. "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे चौदा घटक दाखवले आणि ते पूर्णपणे दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज मांडला. हे घटक फॅमिली डॉक्टरांच्या रोजच्या कामातलेच आहेत.

सहा महिन्यांनी किंवा वर्षाने चाचणी पुन्हा घेतात, शक्यतो त्याच प्रकारची पण वेगळे शब्द असलेली, कारण तेच शब्द पुन्हा विचारले तर सरावाने गुण वाढतात. जुन्या चाचणीचा कागद घरच्यांनी जपून न्यावा. मागच्या वर्षी एकोणतीस गुण मिळवणारे निवृत्त प्राध्यापक यंदा सव्विसावर आले असतील आणि घरच्यांनाही बदल जाणवत असेल, तर तक्त्यात सव्वीस हा आकडा सामान्य असला तरी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवावे. आणि शाळेत न गेलेल्या आजींना दोन वर्षे सलग एकवीसच गुण मिळत असतील, घरचे हिशेब, औषधे, पाहुण्यांचा स्वयंपाक त्या पूर्वीसारखाच सांभाळत असतील, तर त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे, एवढे पुरे.